शिबिराच्या आधीचे काम: गावपातळीवर कर्करुग्णांना साथ आणि जागृती

प्रश्न असा आहे: "आमचा महिला बचत गटांचा ग्रामसंघ आहे आणि गाव बार्शीपासून फार लांब नाही. गावात सध्या तीन जण कर्करोगावर उपचार घेत आहेत. ४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनाला जनजागृती फेरी, डॉक्टरांचे व्याख्यान आणि मोफत तपासणी शिबिर ठेवावे, तसेच वर्गणी काढून रुग्णांना मदत द्यावी, असे आमचे ठरले आहे. सुरुवात कशी करावी?"

आपला बेत चांगला आहे, मात्र त्याचा क्रम मी उलटा लावेन. सुरुवात त्या तीन घरांपासून करावी, त्यानंतर तपासणीची व्यवस्था लावावी आणि फेरी सर्वांत शेवटी काढावी. वैद्यकीय समाजसेवक म्हणून रुग्णालयात आणि खेड्यांत काम करताना माझे मत असे झाले आहे की, कर्करोगाविषयी लोकांना काहीच माहीत नसते ही समजूत अपुरी आहे. गावाने आजवर जे पाहिलेले असते, त्यातून ही भीती आलेली असते. रुग्ण उशिरा रुग्णालयात गेला, उपचारापायी एकर-दीड एकर रान विकले आणि शेवटी माणूसही हाती लागला नाही, अशी दोन-तीन उदाहरणे प्रत्येक गावात असतात. 'वेळीच निदान करा' असे फलकावर लिहून ही उदाहरणे पुसली जात नाहीत. पण वर्षभरापूर्वी उपचार घेतलेली शेजारीण पुन्हा खुरपणीला येताना दिसली, तर अंगावर दुखणे काढणाऱ्या दुसऱ्या बाईला दवाखान्यात जावेसे वाटते. आज उपचार घेत असलेल्या तिघांचे उपचार पूर्ण व्हावेत यासाठी गावाने हातभार लावणे, हीच जागृतीची पहिली पायरी आहे.

आपल्या भागाचाच दाखला देतो. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईसारख्या शहरात रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून नोंदी करता येतात. खेड्यातील अनेक रुग्ण मात्र त्या काळी कोणत्याच रुग्णालयापर्यंत पोहोचत नव्हते. त्यामुळे नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, धोक्याची लक्षणे समजावून सांगत आणि कोणाविषयी शंका आली तर त्याला तपासणीसाठी बार्शीला येण्यास राजी करत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या, म्हणजे बऱ्या होण्याजोग्या टप्प्यात येऊ लागल्या, आणि १९९५ मध्ये हे निष्कर्ष शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्धही झाले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र गावात आणलेले नव्हते. तीच माणसे पुन्हा पुन्हा येत होती आणि शंका आली तर कोठे जायचे हे ठरलेले होते, एवढ्यावर हे साधले.

आता त्या तीन घरांकडे वळू. उपचार म्हणजे नेमके काय हे गावाला माहीत नसल्यामुळे मदत चुकीच्या जागी जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. आजार काहीसा पुढे गेलेला असेल, तर साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे पाच आठवडे बाहेरून किरणोपचार देतात, त्यासोबत बहुधा आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध असते आणि त्यानंतर आतून किरणोपचाराच्या काही बैठका होतात. हे सगळे मिळून आठ आठवड्यांच्या आत संपावे अशी अपेक्षा असते, कारण मध्ये खंड पडून उपचार लांबले तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. बाईला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बरे वाटू लागते, अंगावरून जाणे थांबते. नेमक्या त्याच वेळी घरी म्हैस व्यायला झालेली असते, मुलीची परीक्षा असते किंवा नवऱ्याची ऊसतोडीची उचल घेतलेली असते आणि टोळी निघायची वेळ आलेली असते. मग ती 'पुढच्या आठवड्यात येते' असे सांगून जाते आणि गळितहंगाम संपल्यावर येते. अशा वेळी रुग्णाला बेजबाबदार ठरवणे सोपे असते, परंतु तिच्या जागी उभे राहिले की दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता हे कळते.

ही अडचण रुग्णालयाला सोडवता येत नाही. ती ग्रामसंघाला सोडवता येते. दोन महिने धार कोण काढणार, मुलांना डबा कोण देणार, मुकादमाशी कोण बोलणार, हे बैठकीत नावानिशी ठरवता येते. प्रत्येक रुग्णामागे एक सोबतीण ठरवावी, शक्यतो रुग्णाच्या पसंतीची. उपचारांच्या तारखा तिने आपल्या वहीत लिहून ठेवाव्यात, पहिल्या दोन-तीन खेपांना रुग्णालयात सोबत जावे आणि डॉक्टर बोलतात तेव्हा ऐकावे. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलेले निम्मेही लक्षात राहत नाही, म्हणून शांतपणे ऐकणारे दुसरे माणूस जवळ असणे हेच मोठे साहाय्य आहे. रुग्णालयाची फाईल मेणकापडाच्या पिशवीत ठेवणे आणि मूळ अहवाल कोणालाही न देता झेरॉक्सच देणे, या गोष्टीही तिनेच पाहाव्यात. मूळ बायोप्सी अहवाल, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा अहवाल, हरवला म्हणून उपचार रखडल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात बरीच आहेत.

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट साऱ्या गावाने पाठ करावी. केमो साधारण दर तीन आठवड्यांनी देतात, आणि ती दिल्यानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो साधा ताप समजून मेडिकलमधून गोळी आणून भागवू नये. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. घरात तापमापक असणे, रात्री-अपरात्री निघू शकेल अशी एक गाडी आणि चालक ठरलेला असणे आणि रुग्णालयाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असणे, एवढ्या तयारीने जीव वाचतो. तरुण मंडळांना काम हवे असेल तर हे काम त्यांना द्यावे. रक्त आणि प्लेटलेट देण्यास तयार असलेल्यांची रक्तगटासह यादीही त्यांनीच करावी.

वर्गणीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. वर्गणीचा पैसा शस्त्रक्रियेच्या बिलावर घालण्याआधी शासकीय योजना वापरली आहे का ते पाहावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा तिच्यात समावेश आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी मदत करणारा कर्मचारी, बसलेला असतो; दाखल होण्याआधी, पैसे भरण्याआधी, त्याला भेटावे. शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावात फरक असेल तर तो आजच दुरुस्त करण्यास द्यावा, कारण नेमक्या अडचणीच्या दिवशी 'सुनीता'ची 'सुनिता' आडवी येते. 'मी तुमचे काम करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. योजना जे देत नाही, म्हणजे प्रवास, रुग्णालयाजवळचे राहणे, सोबत्याचे जेवण आणि बुडालेली मजुरी, त्यावर गावाची वर्गणी खर्च व्हावी. अनेक कुटुंबे या किरकोळ वाटणाऱ्या खर्चापायीच उपचार अर्धवट सोडतात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाड्यात १०० टक्के सवलत मिळते आणि एका सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. मदत देतानाचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा मोह मात्र टाळावा. धनादेश धरून उभ्या केलेल्या रुग्णाचा चेहरा एकदा पाहिला की पुढचा रुग्ण आपले दुखणे लपवतो.

एखाद्या रुग्णाला मुंबईला टाटा रुग्णालयात पाठवले, तर खरी धास्ती राहण्याची असते. परळच्या पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे आपण वर्तमानपत्रांत पाहिली असतील. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अनेक वर्षांपासून बाहेरगावच्या रुग्णांची सोय करत आली आहेत. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड केंद्रे आहेत, तेथे मुलासह आई-वडिलांना विनामूल्य राहता येते. जागा मर्यादित आणि मागणी मोठी असते, म्हणून रुग्णालयात नाव नोंदवले त्याच दिवशी समाजसेवा विभागात जाऊन राहण्याविषयी विचारावे. ही चौकशी चौथ्या दिवशी करणारे पहिले तीन दिवस बाहेर काढतात. सगळ्यांनाच मुंबईला जावे लागते असेही नाही. बार्शी तर आपल्या दाराशी आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि जो उपचार सत्तर किलोमीटरवर पूर्ण होणार असेल तो चारशे किलोमीटरवर अर्धवट राहण्यापेक्षा बरा.

घरी भेटायला जाणाऱ्यांनी काय बोलावे, हेही विचारले जाते. थोडेच बोलावे. 'आमच्या आत्यालाही हाच होता, सहा महिन्यांत गेली' हे वाक्य सांत्वन म्हणून बोलणारी माणसे सर्वत्र असतात. त्यांना सोबतिणीने अंगणातच थोपवावे. कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने होत नाही, हे सांगण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्या घरी चहा पिणे. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी काढलेली दिसली तर भाषण न करता रुग्णाच्याच शेजारी बसून जेवावे. 'सुई टोचली की गाठ पसरते' ही समजूत मात्र बोलूनच काढावी लागते, कारण तिच्यापायी लोक बायोप्सी नाकारतात आणि बहुतेक गाठींचे नेमके निदान तुकडा तपासल्याशिवाय होत नाही. झाडपाल्याच्या औषधाची गोष्ट नाजूक आहे. हेटाळणी केली तर कुटुंब ते लपून देते. म्हणून 'डॉक्टरांना विचारून ठरवू, पण त्यापायी ठरलेली तारीख चुकवायची नाही' एवढेच धरून राहावे.

आता तपासणी. आपल्याकडे लोकसंख्येच्या पातळीवर तपासणी करण्याजोगे कर्करोग तीन: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशीनंतर ही तपासणी सरकारी यंत्रणेमार्फत मोफत व्हायची असते आणि आशाताई त्यासाठी घरोघर सीबॅक फॉर्म, म्हणजे कोणाला आजाराचा धोका आहे हे पाहण्याची प्रश्नावली, भरतात. म्हणून नवे काही उभारण्यापूर्वी आशाताई, एएनएम आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना बैठकीस बोलवावे, आणि आपल्या आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाची तपासणी प्रत्यक्षात कोणत्या वारी होते, संशयित रुग्णाला पुढे कोठे पाठवतात आणि बायोप्सी कोठे होते, हे लिहून घ्यावे. या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शिबिराची तारीख ठरवू नये. शिबिरात 'तुमच्या तोंडात चट्टा आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा' असे सांगून माणसाला सोडून दिले, तर त्याला फक्त झोप न लागणारी रात्र मिळते.

तोंडाची तपासणी सर्वांत सोपी, आणि आपल्या भागात तंबाखू-चुना, मावा आणि मिश्रीमुळे सर्वांत गरजेची. चांगल्या उजेडात, कवळी असेल तर काढून, दोन्ही गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जीभ वर करून तिच्या खालची जागा पाहायची. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा आपलीच तीन बोटे उभी आत जात नाहीत इतके तोंड कमी उघडणे, ही पुढे पाठवण्याची कारणे. 'ठेचा पूर्वी चालायचा, आता साधी भाजीही झोंबते' असे कोणी म्हणाले, तर त्याला त्याच दिवशी तपासणीस न्यावे. सुपारी-मावा खाणाऱ्यांत गालाची आतली कातडी कडक होऊ लागल्याचे ते बरेचदा पहिले लक्षण असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीला कोणी व्यसनच मानत नाही. पुरुषांच्या तंबाखूवर तावातावाने बोलणाऱ्या आजी सकाळी मिश्रीचे बोट दातांवर फिरवत असतात. बायकांच्या बैठकीत हा विषय न टोचता, पण नाव घेऊन काढलाच पाहिजे.

गर्भाशयमुखाच्या तपासणीत सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा पडणारा भाग दिसतो का ते पाहतात; तिला व्हीआयए म्हणतात. येथे दोन मोठे अभ्यास आपल्या राज्यातलेच आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात, थोड्या आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली आणि या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या रुग्णालयाच्या सहभागाने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगास कारण ठरणारा विषाणू) चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, परंतु एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की आपल्यासाठी निघणारा अर्थ सरळ आहे: आपल्याला परवडणारी आणि उपलब्ध असणारी तपासणी व्हीआयए असेल, तर ती पुन्हा पुन्हा व्हायला हवी. एका दिवसाच्या शिबिराला माझा आक्षेप आहे तो यामुळे. त्याऐवजी दर महिन्याच्या एका ठरलेल्या वारी पाच-सहा जणींना ग्रामसंघाने सोबतीने आरोग्य केंद्रात न्यावे. लहान गाव दोन वर्षांत पूर्ण होते, गर्दी नसल्याने आडोसा राखला जातो, परिचारिका शांतपणे समजावू शकते आणि सासूला विचारल्याशिवाय निघू न शकणारी सूनही बाकीच्या जणींबरोबर बाहेर पडते. स्तनांची हाताने तपासणी त्याच भेटीत होते. स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, तेव्हा न दुखणारी गाठच आधी दाखवावी, हे तेथेच सांगावे.

रक्त तपासून 'सगळे कॅन्सर ओळखणारे' पॅकेज देऊ करणाऱ्या प्रयोगशाळा शिबिरासाठी आपणहून फोन करतील. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसांत ट्यूमर मार्करच्या, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या घटकांच्या, चाचण्या सरसकट करण्याला आधार नाही. नम्रपणे नकार द्यावा. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्ही लस आहे आणि पुण्याच्या सीरम संस्थेने भारतीय लसही तयार केली आहे. पालकसभेत तिची माहिती आरोग्य अधिकाऱ्यांकडूनच द्यावी, कारण लसीविषयीच्या शंकांना अर्धवट उत्तर देणे उत्तर न देण्यापेक्षा वाईट.

आपल्या तिघांपैकी एखाद्याचा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर गावाची साथ तेथे संपू नये. 'आता काही करता येणार नाही' हे वाक्य खरे नसते. वेदना, मळमळ, जखमेची दुर्गंधी, धाप यांवर पुष्कळ करता येते. तोंडाने घ्यायचे मॉर्फिन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरक्षित असते आणि वेदनेसाठी ते घेणाऱ्याला व्यसनी समजू नये. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देत आहेत. पण बहुतेकांना घरीच राहायचे असते. केरळात शेजाऱ्यांनीच प्रशिक्षण घेऊन अशा रुग्णांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत गावोगाव रुजली; जखम धुणे, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता आणि रात्रभर जागलेल्या सुनेला दोन तास झोपू देणे, ही कामे आपल्याकडेही शिकून करता येतील. उपचार करणाऱ्या रुग्णालयात उपशामक, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, सेवेचा विभाग आहे का, हे सोबतिणीने स्वतःहून विचारावे. पुष्कळदा ते सांगितले जात नाही.

फेरी जरूर काढा, फक्त घोषणांपेक्षा तिच्यात माहिती असू द्या. मुलांच्या हातातील फलकांवर आरोग्य केंद्रातील तपासणीचा वार, आरोग्यमित्राला कोठे भेटायचे आणि ज्या सोबतिणींनी काम स्वीकारले आहे त्यांच्या संमतीने त्यांची नावे असावीत. व्याख्यानाला बाहेरचा वक्ता शोधत बसण्यापेक्षा, उपचार पूर्ण केलेली आणि स्वतःहून बोलायला तयार असलेली पंचक्रोशीतील एखादी बाई मिळाली तर तिला आधी बोलू द्यावे, डॉक्टरांनी नंतर शंकांना उत्तरे द्यावीत. पुरुषांना आवर्जून बोलवावे, कारण तपासणीचे गाडीभाडे बहुतेक घरांत अजूनही त्यांच्याच खिशातून निघते. येत्या बैठकीत मात्र फेरीचा विषय न घेता तीन सोबतिणी आणि आरोग्य केंद्रात जाण्याचा महिन्यातील वार एवढेच ठरवून घ्यावे.